टेबल क्रमांक चारला चिकटलेला पियानो

अखेर सासऱ्यांनी जावयाचं म्हणणं अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतलं, त्यावर उत्तरही दिलं, आणि त्या भानगडीत सार्वजनिक वाचनालयाचं टेबल क्रमांक चार कायमचं कामातून गेलं.

पण असं काहीही झालेलं नाही. निदान रविवारी सकाळी साडेनऊला तरी झालेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा ठेवावा. टेबलानेही ठेवला होता.

साडेनऊला जावई वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभा होता आणि शेजारी सासरे. सासरे म्हणजे चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात काढलेले सुतार. त्यांच्या हातात लाकूड गेलं की ते सरळ व्हायचं; माणसांच्या बाबतीत त्यांनी हा प्रयोग कधी केला नाही. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान गेले होते. डॉक्टर म्हणाले, आतलं यंत्र शाबूत आहे, बाहेरून आत जाणारा रस्ता तेवढा बंद पडलाय. श्रवणयंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारायचं. 'कानात चिलटं पाळल्यासारखं वाटतं,' असं म्हणून सासऱ्यांनी ते स्क्रूंच्या डबीत ठेवून दिलं. तेव्हापासून ते कुठल्याही प्रश्नाला 'बरोबर आहे' असं उत्तर देत, आणि आश्चर्य म्हणजे दहातल्या सात वेळा ते बरोबरच असायचं.

जावयाला त्यांचे आभार मानायचे होते. एवढंच. हे काम त्याच्याकडे सव्वादोन वर्षांपासून प्रलंबित होतं.

झालं होतं असं, की त्याची कंपनी एका सोमवारी बंद पडली आणि तो बायकोसह सासऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आला. आठवडाभरासाठी. तो आठवडा अजून चालूच होता. 'घरजावई' हा शब्द घरात कोणी एकदाही काढला नाही. इमारतीने ती उणीव भरून काढली. सासरे मात्र रोज सकाळी नऊ वाजता जिन्यातून हाक मारायचे, "जावईबापू, जरा फळीचं टोक धरायला या!" मग जावई खाली त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन फळीचं दुसरं टोक धरायचा. सासरे रंधा मारायचे, करवत चालवायचे, मध्येच लाकडाबद्दल काहीबाही सांगायचे. दुपारी एक वाजता दोघं वर जेवायला यायचे, आणि जावयाला आपण कामावरून आल्यासारखं वाटायचं. नोकरी गेलेल्या माणसाला असं वाटणं म्हणजे काय, हे ज्याची गेली त्यालाच कळतं.

मग दोन वर्षांनी त्याला नोकरी लागली. तो घरगुती उपकरणांसोबत येणारी माहितीपत्रकं लिहू लागला. 'उपकरण पाण्यात बुडवू नये' हे त्याचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य. नोकरी लागून चार महिने झाले असतील, एकदा शेडमध्ये छत्री शोधताना पोत्याखाली त्याला एक लांबलचक लोखंडी शिकंजा सापडला. उंची कमी-जास्त होणाऱ्या पायांवर बसवलेला. तेल दिलेला, धडधाकट. फळीचं दुसरं टोक धरणं हेच त्याचं काम. दोन वर्षं तो पोत्याखाली निवांत पडून होता आणि त्याच्या जागी जावई उभा होता.

जावई छत्री न घेताच वर आला.

त्या दिवसापासून तो आभार मानायला बघत होता. आधी चारचौघांत सांगायला गेला आणि पाण्याचा ग्लास मागून परत आला. मग जिन्यात उभं राहून, जीव एकवटून ओरडला, "बाबा, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर!" सासरे म्हणाले, "बरोबर आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडलं आणि संकोचून म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं!" तळमजल्यावरच्या काकू खालून ओरडल्या, "उपकार राहू द्या, माझं पातेलं परत करा!"

मग त्याने चिठ्ठी लिहिली. पण लिहायला बसलं की हाताला सवयीचंच वळण लागे. चिठ्ठी अशी झाली: '१. आपले आभार. २. सदर आभार कोरड्या जागी ठेवावेत. ३. काही अडचण आल्यास संपर्क साधावा.' सासऱ्यांनी ती काळजीपूर्वक उलटी केली, कोऱ्या बाजूवर 'साडेअठरा इंच' असं लिहिलं आणि कानामागे खोचली.

आता वेळ उरला नव्हता. सासऱ्यांच्या गुडघ्यांना तीन मजले झेपेनात. पुढच्या महिन्यात ते थोरल्या मुलाकडे, दोनशे चौदा किलोमीटर लांबच्या तळमजल्यावर राहायला जाणार होते. म्हणून वाचनालयाच्या फलकावर 'एका दिवसात स्वतः बनवा: विजेवर वाजणारा अंगठा-पियानो' अशी जाहिरात दिसली तेव्हा जावयाने दोन नावं नोंदवली. दिवसभर शेजारी बसता येईल, तयार झालेला पियानो सासऱ्यांबरोबर जाईल, आणि जे तोंडाला जमलं नाही ते अंगठ्यांनी सांगता येईल, असा त्याचा हिशोब.

"ज्याला दहाही बोटं अंगठ्यासारखी आहेत त्याने हेच वाद्य करावं," बायको म्हणाली. तिचा पाठिंबा होता.

कार्यशाळा मागच्या हॉलमध्ये होती. शिकवणारी मुलगी पंचविशीची. तिला सगळे ताई म्हणत होते, तिच्या दुप्पट वयाचा दंतवैद्यही. तो टेबल क्रमांक तीनवर होता आणि येतानाच स्वतःचा बारीक चिमटा घेऊन आला होता.

ताईने प्रत्येकाला सामान वाटलं. पुस्तकाएवढी लाकडी डबी, स्टीलच्या नऊ लवचिक पट्ट्या, त्या ज्यावर टेकवायच्या ती तंबोऱ्याला असते तशी घोडी, दोन नळ्यांतला गोंद, वायरी, आणि कोटाच्या बटणाएवढी एक पितळी चकती.

"हा या वाद्याचा कान," चकती उंच धरून ताई म्हणाली. "पण हा हवेतलं काही ऐकत नाही. याच्याशी कितीही बोला, ढिम्म. हा डबीच्या आतून लाकडाला चिकटवायचा. लाकूड थरथरलं की मग मात्र याला सगळं ऐकू येतं."

"आमच्या घरी असाच एक आहे," जावई म्हणाला.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले.

सासऱ्यांची काम करायची एक रीत होती. भोक पाडायचं असेल तर वस्तू हलता कामा नये. त्यासाठी ते वस्तूच बाकावर चिकटवत. मात्र मध्ये एक कागद घालत. काम झालं की पटाशीचं टोक घालून हलकेच उचकायचं, कागद फाटतो, वस्तू सुटते, बाक जसाच्या तसा. चाळीस वर्षांत ही रीत एकदाही फसली नव्हती. वाचनालयाचे शिकंजे त्यांनी दोन बोटांत धरून पाहिले आणि लहान मुलाच्या हातून घेतल्यासारखे बाजूला ठेवले. मग डबीच्या बुडाला गोंद लावला आणि डावा हात कागदासाठी पुढे केला.

टेबलावर कागद एकच होता. माहितीपत्रक. आणि ते जावयाच्या हातात होतं.

जावई व्यवसायानेच ते वाचत होता. तिसऱ्याच ओळीत त्याला एक ढोबळ चूक सापडली होती. लेखकाने गोंदाबद्दलची सूचना आकृतीच्या आधी टाकायची सोडून 'शेवटचं पान पाहा' एवढंच म्हटलं होतं. "थांबा बाबा," मान वर न करता तो म्हणाला, "अजून वाचून व्हायचंय."

"बरोबर आहे," सासरे म्हणाले, आणि कागदाविनाच डबी टेबलावर दाबून बसवली. घाई नव्हती. त्यांच्या शेडमधला सरस सुकायला रात्र घेतो. भोकं पाडून होताच ओल्या गोंदावरून डबी सरकवून काढू, असा त्यांचा विचार.

जावई शेवटच्या पानावर पोचला. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हा गोंद पाच मिनिटांत दगडासारखा होतो.'

तोवर सात झाली होती. सासऱ्यांनी भोकं पाडली, सुरेख पाडली, आणि डबी उचलायला हात घातला. टेबल उचललं गेलं.

पुन्हा उचलली. पुन्हा टेबल.

ताई धावत आली. "काका, तुम्ही हे टेबलाला चिकटवलंत?"

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. या खेपेला ते शंभर टक्के बरोबर होतं.

पटाशी आणली गेली. सासऱ्यांनी जोडावरून नख फिरवलं, दोन ठिकाणी टकटक केली आणि मान हलवली. "लाकूड फाटेल, जोड सुटणार नाही," ते म्हणाले. आवाजात खेद होता, पण कारागिराचा थोडा अभिमानही होता. जोड त्यांचाच होता.

"असू द्या," ताई म्हणाली. "टेबलासकट बनवा. चकती बाजूच्या भोकातून आत सरकवू."

जावयाने मात्र मनात टेबलाची लांबीरुंदी मोजली. जी वस्तू सासऱ्यांबरोबर जायची होती ती आता सहा फूट बाय तीन फूट झाली होती, चार पायांची, आणि वाचनालयाच्या मालकीची. तीही त्याच्यामुळे. एक कागद. आयुष्यभर ज्यांनी त्याच्याकडे काही मागितलं नाही त्यांनी एक कागद मागितला आणि तो म्हणाला, थांबा.

तरी काम चालू राहिलं. सोल्डरिंग जावयाकडे आलं. त्याने तारेवर एक आणि शर्टावर तीन ठिकाणी डाग दिले. शेजारून दंतवैद्य दर दोन मिनिटांनी वाकून "मोठं उघडा... म्हणजे, ते भोक मोठं करा," असं सांगत होता. सासऱ्यांनी नऊ पट्ट्या बसवल्या. पट्टी आत सरकवली की आवाज चढतो, बाहेर ओढली की उतरतो. बाकीचे लोक हे कानाने करत होते. सासऱ्यांनी खिशातून लाकडी फूटपट्टी काढली, एक टोक डबीवर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि पट्टी छेडली. कारखान्यात फळी आतून पोकळ आहे का, हे ते असंच बघायचे. छेडायचे, डोळे मिटायचे, केसभर सरकवायचे. दुपारपर्यंत त्या नऊ पट्ट्या हॉलमध्ये सर्वांत सुरेल लागल्या होत्या. "दातांचा असा वापर आम्हाला कॉलेजात शिकवला नाही," दंतवैद्य खिन्नपणे म्हणाला.

पाच वाजता प्रात्यक्षिक. प्रत्येकाने आपला पियानो पुढे नेऊन अॅम्प्लिफायरला जोडायचा आणि वाजवून दाखवायचा. दंतवैद्याने वाजवला, सगळ्यांना थोडं दुखल्यासारखं वाटलं. मग टेबल क्रमांक चारची पाळी आली. टेबल पुढे जाईना म्हणून अॅम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर इकडे आणले. ताईने सासऱ्यांना हेडफोन दिले. सासऱ्यांनी ते कानांवर लावले, नापसंतीने मान हलवली, मागे सरकवले आणि कानांमागच्या हाडांवर घट्ट बसवले. फूटपट्टीचंच तत्त्व. मग अंगठ्याने एक पट्टी छेडली.

त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि खाली यायचं विसरल्या. त्यांनी दुसरी छेडली. तिसरी.

जावयाला ते बघवेना. हे त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. त्याने टेबलावर डोकं टेकलं, गाल लाकडाला चिकटला, आणि तो पुटपुटला, "मेलो मी."

"कोण मेलं?" सासरे म्हणाले.

जावयाने डोकं वर केलं. "बाबा? ऐकू आलं तुम्हाला?"

सासरे पट्ट्यांकडे बघत होते. त्यांनी पुढची पट्टी छेडली.

ताईने जावयाच्या मानेवर हात ठेवला आणि शिवणयंत्राखाली कापड सरकवावं तसं त्याचं तोंड परत टेबलावर दाबलं. "हवेत नाही," ती कुजबुजली. "लाकडात बोला."

जावयाने हनुवटी लाकडावर टेकवली. "बाबा?"

"काय?" सासरे म्हणाले. मग थबकले. त्यांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि शेवटी टेबलावर हनुवटी ठेवून बसलेल्या आपल्या जावयाकडे. "बोला, जावईबापू."

सव्वादोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आला, आणि जावयाच्या तोंडून निघालं, "सदर प्रसंगी आपणास कळविण्यात येते की..."

"माणसासारखं बोला," ताई म्हणाली.

जावयाने आवंढा गिळला. आवंढाही स्पीकरवर ऐकू आला. "बाबा, मी तो शिकंजा पाहिलाय. शेडमधला. पोत्याखालचा."

सासऱ्यांनी पट्टीवरचा अंगठा उचलला.

"दोन वर्षं मी तुमच्या घरी बसून खाल्लं. तुम्ही एकदा विचारलं नाहीत, पुढे काय म्हणून. टोमणा नाही, कपाळाला आठी नाही. रोज नऊला हाक मारलीत. मला वाटायचं, फळी धरायला माणूस लागतो. माणूस लागतच नव्हता. तुम्ही मला कामावर ठेवलं होतंत, आणि मला कळूही दिलं नाहीत. मला... आभार मानायचे होते. कधीपासूनचे."

हनुवटी टेकवून बोलायचं म्हणजे खालचा जबडा जागेवर राहतो आणि डोकंच वरखाली होतं. जगात याहून गंभीर गोष्ट याहून विनोदी पद्धतीने कुणी बोललं नसेल. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

सासऱ्यांनी हेडफोन जरा जास्तच दाबून धरले होते.

"दोन वर्षं?" ते म्हणाले. "मला वाटलं, सुट्टी चाललीये तुमची."

मग त्यांनी एक पट्टी उगाचच छेडली, तिचा आवाज विरेपर्यंत थांबले, आणि पट्टीकडेच बघत म्हणाले, "शिकंजा चांगलाच आहे. पण शिकंजा बोलत नाही रे." आजवर त्यांनी जावयाला अरेतुरे केलं नव्हतं. "कारखाना सुटल्यावर मलाही नऊ वाजता कुठे जायचं नव्हतं. तू फळी धरायचास म्हणून मी रंधा मारायचो. नाहीतर कपाटं कोणाला हवी होती? त्या दोन वर्षांत आपण सात कपाटं केली. घरात माणसं तीन."

जावयाने हनुवटी हलवली नाही. हलवली असती तर काहीतरी गळालं असतं, आणि माहितीपत्रकाप्रमाणे उपकरण ओलं होऊ द्यायचं नव्हतं.

"आभार कसले मानतोस," सासरे म्हणाले. "फिटंफाट."

"अहो, त्यात काय एवढं!" दंतवैद्य भरल्या गळ्याने म्हणाला. त्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

त्यानंतरचे तीन रविवार सगळं घर टेबल क्रमांक चारवर जाऊन बसलं. ताई हेडफोन देऊन ठेवायची. सासऱ्यांच्या मुलीने पहिल्यांदा हनुवटी टेकवली तेव्हा बरंच काही बोलायचं ठरवून आली होती, पण तोंडून निघालं ते, "बाबा, घरी श्रवणयंत्र घालत जा!"

"ऐकू येत नाही," सासरे म्हणाले. अनेक वर्षांत ते पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं बोलले होते. घरच्यांना फार आनंद झाला.

चौथ्या रविवारी सासरे थोरल्याकडे निघाले. सामानात सात कपाटांपैकी दोन होती, आणि जावयाने पोत्याखालून काढून, पुन्हा तेल देऊन बांधलेला शिकंजा. सासऱ्यांनी तो उतरवून ठेवला. "राहू दे इथेच," ते म्हणाले. "मी आलो की टोक धरायला तू आहेसच. याला पोत्याखाली बरं वाटतं."

गाडी गेली. जावई वर आला, घरातल्या टेबलाशी बसला आणि वाचनालयाच्या व्यवस्थापकांना एक अर्ज लिहिला. हाताला ते वळण होतंच, आणि या वेळी त्याने हाताला अडवलं नाही.

'मा. व्यवस्थापक, सार्वजनिक वाचनालय, यांस.

विषय: टेबल क्रमांक चारची लांबी वाढवून मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त टेबल सध्या सहा फूट लांब असून त्याच्या एका टोकाशी बोललेलं दुसऱ्या टोकाशी व्यवस्थित ऐकू येतं, ही बाब आपल्या कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. तथापि दुसऱ्या टोकाला बसणारे गृहस्थ कौटुंबिक कारणास्तव अन्यत्र राहावयास गेल्याने सध्याची लांबी अपुरी पडत आहे. तरी सदर टेबल दोनशे चौदा किलोमीटरने लांबवून मिळावं, ही नम्र विनंती. लाकूड एकसंध असावं. जोड द्यावा लागल्यास मध्ये कागद घालू नये. मार्गात नदी लागते, तिथे उपकरण पाण्यात बुडणार नाही याची दक्षता घ्यावी.

फळीचं दुसरं टोक धरण्यासाठी माणूस उपलब्ध आहे. तो सकाळी नऊ वाजल्यापासून हजर असतो.'